एच.आय.व्ही.-२ : तपासणीचा निर्णय आणि सदसद्विवेक

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात धर्मसेवा करणाऱ्यांना एच.आय.व्ही. हा शब्द अपरिचित नाही. या शतकाच्या आरंभी कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये या रोगाचा मोठा भार वाहणाऱ्या सहा राज्यांत गणली जात होती, आणि सीमाभाग त्या दोहोंच्या मध्ये होता. पुणे-बंगळूर महामार्गावरील मालमोटारींची वर्दळ, कामधंद्यासाठी गोव्याकडे व मुंबईकडे जाणारी माणसे, सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची व १९८२ च्या कर्नाटक कायद्याने निषिद्ध ठरलेली चाल, या सर्वांचे परिणाम आपल्या धर्मग्रामांनीही पाहिले आहेत. आज औषधोपचार विनामूल्य मिळतो आणि नियमित औषध घेणारा मनुष्य दीर्घ आयुष्य जगतो. तरीही तपासणीच्या दारापाशी माणसे अजून थबकतात.

अलीकडे या थबकण्याला एक नवे रूप आले आहे. कोणी विचारतो, "एच.आय.व्ही.चा दुसरा, दुर्मीळ प्रकार आहे म्हणतात. माझ्या तपासणीत तो सुटला नसेल ना?" कोणा स्त्रीच्या हाती "एच.आय.व्ही.-२" असे लिहिलेला अहवाल येतो आणि त्याचा अर्थ सांगणारा तिला भेटत नाही. असे प्रश्न डॉक्टरांच्या आधी पुष्कळदा धर्मशिक्षकाकडे येतात. त्याने वैद्यकीय सल्ला द्यावा अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु चुकीच्या माहितीवर दिलेला धीरही घातक ठरतो. म्हणून या दुसऱ्या विषाणूविषयी आवश्यक तेवढी माहिती देऊन, त्याची तपासणी करून घेण्याचा निर्णय कोणी, केव्हा व कशाच्या आधारे घ्यावा याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन विषाणू

ज्याला आपण एच.आय.व्ही. म्हणतो ते वस्तुतः दोन वेगळे विषाणू आहेत. जगभर पसरलेला विषाणू तो एच.आय.व्ही.-१, त्याचे मूळ चिंपांझी व गोरिला या वानरांत सापडते. दुसरा, एच.आय.व्ही.-२, पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे नावाच्या माकडांतून मनुष्यात आला. लिस्बन येथे उपचार घेणाऱ्या पश्चिम आफ्रिकी रुग्णांच्या रक्तात तो आढळला. पोर्तुगीज संशोधिका ओडेट फेरेरा यांनी ते नमुने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नेले आणि १९८६ साली या विषाणूची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील पहिली एच.आय.व्ही. बाधा शोधून काढली. एच.आय.व्ही.-२ भारतातही असल्याचे १९९१ साली जाहीर झाले. मुंबई, गोवा आणि दक्षिणेकडील राज्ये येथून त्याची नोंद होत आली आहे.

गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे आणि गोवा हे तिन्ही प्रदेश एके काळी पोर्तुगालच्या अमलाखाली होते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील या विषाणूचा संबंध अभ्यासक त्या जुन्या दळणवळणाशी जोडतात. बेळगाव व खानापूर भागाचे गोव्याशी रोटी-बेटीचे व नोकरी-धंद्याचे नाते पाहता हा विषय आपल्याला अगदी दूरचा नाही. मात्र त्यावरून गोव्यात राहून आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहणे हा अन्याय होईल. भारतात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांतील फारच थोड्यांना एच.आय.व्ही.-२ ची बाधा आहे.

दोन्ही विषाणू एकाच मार्गांनी पसरतात : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त वा सुई, आणि मातेकडून बालकाकडे. दुसऱ्या प्रकाराचा प्रसार तुलनेने मंद असतो, मातेकडून बालकाकडे तो क्वचित जातो आणि रोगाची वाटचालही सावकाश होते. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. गिनी-बिसाऊमधील पोलिसांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. उपचाराविना राहिलेल्या एच.आय.व्ही.-२ बाधितांनाही शेवटी एड्स होतो, केवळ त्याला सुमारे दुप्पट काळ लागतो, असे त्यातून दिसून आले. "हा सौम्य प्रकार आहे, काळजी नको" असे म्हणून कोणाला घरी पाठविणे योग्य नाही, ते यामुळेच.

२. साधी तपासणी काय सांगते

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारी रुग्णालयांतील आय.सी.टी.सी. केंद्रांत जी विनामूल्य रक्ततपासणी होते ती दोन्ही विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. म्हणजे दुर्मीळ प्रकारासाठी आरंभीच वेगळी तपासणी मागण्याचे कारण नाही. पहिली चाचणी निर्दोष आली तर अहवाल "निगेटिव्ह" दिला जातो. ती सदोष आली तर निराळ्या बनावटीच्या आणखी दोन चाचण्या करून मगच निष्कर्ष काढतात.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. पहिली काळाची. संसर्ग झाल्यानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास अवधी लागतो. म्हणून अगदी अलीकडे धोका पत्करलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्यास सांगतात. दुसरी मर्यादा प्रकार ओळखण्याची. दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडे परस्परांशी मिळतीजुळती असल्याने काही वेळा चाचणीत "एक व दोन" अशी दुहेरी खूण उमटते. तिचा अर्थ दोन्ही विषाणू आहेत असाच होतो असे नाही. अशा वेळी व्यक्तीला ए.आर.टी. केंद्राकडे पाठवितात आणि तेथून रक्ताचा नमुना खास नेमलेल्या प्रयोगशाळेत जातो. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता तिचे नाव बदलले आहे) हे या क्षेत्रातील आपल्याला जवळचे केंद्र होय.

३. प्रकार कळल्याने काय साधते

"बाधा आहे हे कळले, औषध सुरू झाले, मग प्रकार कोणता याची चौकशी कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तीन गोष्टींत सापडते.

पहिली गोष्ट औषधाची. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य औषधोपचार सुरू केला. त्या काळच्या मिश्रणातील नेव्हिरापिन वा इफाव्हिरेन्झ हे औषध एच.आय.व्ही.-२ वर मुळीच चालत नाही. हा विषाणू त्याला जन्मतःच दाद देत नाही. प्रकार ओळखला न गेलेला रुग्ण रोज नेमाने गोळ्या घेत असे आणि त्या मिश्रणातील एक प्रमुख औषध त्याच्या बाबतीत व्यर्थ जात असे. आता डोल्युटेग्रॅव्हिर असलेले मिश्रण दोन्ही प्रकारांसाठी दिले जाते, त्यामुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. तरी उपचार बदलण्याची वेळ आली तर विषाणूचा प्रकार ठाऊक असणे डॉक्टरांना आवश्यक असते.

दुसरी गोष्ट देखरेखीची, आणि आज हीच सर्वांत महत्त्वाची आहे. उपचार लागू पडतो की नाही हे पाहण्यासाठी "व्हायरल लोड" ही तपासणी करतात. प्रचलित तपासणी केवळ एच.आय.व्ही.-१ मोजते. एच.आय.व्ही.-२ असलेल्या व्यक्तीच्या अहवालात "विषाणू आढळला नाही" असे येऊ शकते आणि त्याच वेळी तो विषाणू शरीरात वाढत असू शकतो. रुग्ण आनंदाने घरी जातो, जोडीदाराला आता धोका नाही असे समजतो, आणि प्रकृती मात्र खालावत राहते. अशा रुग्णाची पाहणी मुख्यतः सीडी-४ पेशींची संख्या व प्रकृतीची लक्षणे यांवरून करावी लागते.

तिसरी गोष्ट बालकाची. एच.आय.व्ही.-१ असलेल्या मातेच्या अर्भकाला संरक्षणासाठी नेव्हिरापिन देण्याची पद्धत आहे. मातेला एच.आय.व्ही.-२ असेल तर ते निरुपयोगी ठरते व त्याऐवजी झिडोव्हुडिन द्यावे लागते. अर्भकावस्थेत केली जाणारी विशेष तपासणीही फक्त पहिला प्रकार ओळखते. म्हणून अशा बालकाची प्रतिपिंड-तपासणी अठरा महिन्यांनंतर केल्याखेरीज शेवटचे उत्तर मिळत नाही. तोवर त्या मातेने दर भेटीला केंद्रात यावे यासाठी तिला धीर देणारे माणूस जवळ असणे हे औषधाइतकेच मोलाचे असते.

४. निर्णयाची रीत

संत थोमस अक्वायनस विवेक या सद्गुणाची तीन कार्ये सांगतो : प्रथम चौकशी व सल्लामसलत, नंतर निर्णय, आणि अखेर त्या निर्णयाची अंमलबजावणी. यांपैकी शेवटचे कार्य तो प्रमुख मानतो. तपासणीच्या प्रश्नाला ही रीत लावून पाहण्यासारखी आहे. काही माणसे चौकशी न करताच भीतीपोटी निर्णय घेतात. काही वर्षानुवर्षे चौकशीच करीत राहतात. आणि पुष्कळांचा निर्णय झालेला असतो, परंतु केंद्राच्या दारापर्यंत पाय उचलत नाही. समोरचा माणूस यांपैकी कोठे अडला आहे हे धर्मशिक्षकाने प्रथम ओळखावे.

चौकशीच्या पातळीवर पुढील भेद उपयोगी पडतील. ज्याने कधीच तपासणी केली नाही आणि ज्याच्या आयुष्यात धोक्याचा प्रसंग घडून गेला आहे, त्याने साधी तपासणी करून घ्यावी. जोडीदाराची स्थिती ठाऊक नसलेली व्यक्ती, गर्भवती स्त्री आणि क्षयरोगाचा रुग्ण यांनाही हेच लागू आहे. पश्चिम आफ्रिकेत वा पोर्तुगालमध्ये वास्तव्य झाले असेल, किंवा जोडीदाराला एच.आय.व्ही.-२ असल्याचे माहीत असेल, तर तेवढे समुपदेशकाला आवर्जून सांगावे. ज्याच्या अहवालात "दोन" किंवा "एक व दोन" अशी नोंद आहे, त्याने प्रकार निश्चित करून घेण्याची तपासणी टाळू नये. मात्र तिच्या निकालासाठी उपचार लांबवू नये. आणि जो अनेक वर्षे उपचार घेत आहे, ज्याचा व्हायरल लोड सतत "आढळला नाही" असा येतो, तरीही ज्याच्या सीडी-४ पेशी घटत आहेत वा वारंवार दुखणी येत आहेत, त्याने आपला प्रकार कधी तपासला गेला होता का, हे डॉक्टरांना विचारावे. हा एक प्रश्न विचारण्याचे बळ त्याला देणे ही लहान सेवा नव्हे.

एक वर्ग उरतो, आणि धर्मगुरूंना तो चांगला परिचित आहे. तपासणी योग्य वेळी झाली, अहवाल निर्दोष आला, तरीही ज्याचे मन शांत होत नाही असा हा माणूस. तो दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा रक्त देतो. मग कोणाकडून दुर्मीळ प्रकाराविषयी ऐकतो आणि नव्याने झुरू लागतो. अशा अतिशंकी मनाला पाश्चात्य परंपरेत जो शब्द आहे त्याचा लॅटिन भाषेतील मूळ अर्थ "टोकदार बारीक खडा" असा आहे. चपलेत खडा शिरल्यावर पावलोपावली टोचावे, तशी ही शंका. संत इग्नाशियस लोयोला यांनी १५२२ साली मान्रेसा येथे अशा शंकांचा जाच अनुभवला होता. झालेल्या पापनिवेदनाची पुन्हा पुन्हा उजळणी करूनही त्यांना शांती मिळेना. अनुभवी पापनिवेदक अशा व्यक्तीला त्याच पापांचे निवेदन परत परत करू देत नाही. येथेही तोच न्याय लागू पडतो. तीन महिन्यांनंतरची एक तपासणी निर्दोष असेल आणि मध्यंतरी नवा धोका घडला नसेल, तर प्रश्न संपला. तरीही त्याचा जाच थांबत नसेल तर त्याचे दुखणे रक्तात नसून मनात आहे. त्याला हिणवू नये; मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास प्रेमाने सुचवावे. अपराधाची बोच असेल तर तिचे स्थान प्रायश्चित्त संस्कारात आहे, प्रयोगशाळेत नाही. तपासणी हे प्रायश्चित्त नव्हे आणि तिचा निकाल हा देवाचा निवाडाही नव्हे. जन्मतः आंधळ्या माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच अमान्य केला हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो.

५. संमती आणि गुप्तता

निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा आहे. हा केवळ आधुनिक रिवाज नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभूने त्याची इच्छा विचारली. एवढी दीर्घ व्याधी समोर दिसत असताना विचारण्याची गरज काय, असे कोणालाही वाटेल. पण विचारण्यातच त्या माणसाचा मान होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात सदसद्विवेकाला जे पवित्र स्थान दिले त्याचा आशय हाच आहे.

संमती न घेता केलेल्या तपासणीचे फळ काय असते ते आपल्या शेजारी गोव्यात दिसून आले. बार्देश तालुक्यातील डॉमिनिक डिसोझा हे नियमाने रक्तदान करणारे तरुण. त्यांनी दिलेल्या रक्ताची तपासणी त्यांच्या नकळत झाली. १९८९ साली पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकांतात ठेवले. गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे त्यांनी बाधितांच्या मदतीसाठी "पॉझिटिव्ह पीपल" ही संस्था उभारली आणि १९९२ साली ते निवर्तले. त्या प्रकरणाने किती माणसांना तपासणीपासून दूर ठेवले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आज कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच बंधनकारक आहे. त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीविना तपासणी करता येत नाही, तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन झाले पाहिजे, आणि बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याचा अपवाद आहे. परंतु तो अधिकार विशिष्ट अटींवर केवळ डॉक्टर वा समुपदेशकाला आहे, धर्मगुरूला वा धर्मशिक्षकाला नाही. पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीला कॅनन ९८३ ची अभेद्य मुद्रा आहेच. त्याबाहेर, ओसरीवर वा विडी वळता वळता सांगितलेली गोष्टही विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. "आजाऱ्यासाठी प्रार्थना करा" असे म्हणत मिस्सेत नाव व व्याधी जाहीर करणे हा त्या ठेवीचा भंग होय.

६. विवाहापूर्वीची तपासणी

विवाहेच्छूंकडून अहवाल मागावा का, हा प्रश्न धर्मग्रामांत वारंवार निघतो. एच.आय.व्ही. हा ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाचा अडथळा नाही. कॅनन १०५८ नुसार ज्याला कायद्याने मनाई नाही तो विवाह करू शकतो. म्हणून अहवाल ही विवाहाची अट होऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने कॅनन १०९८ लक्षात घ्यावा : संमती मिळविण्यासाठी आपल्या ठायी असलेली, सहजीवन उद्ध्वस्त करू शकेल अशी गोष्ट कपटाने लपविली, तर विवाहच अवैध ठरतो. यातून मार्ग निघतो तो असा : विवाहपूर्व शिक्षणात दोघांनाही तपासणीचे महत्त्व सांगावे, ती स्वेच्छेने करून निकाल एकमेकांना कळविण्यास उत्तेजन द्यावे, आणि कागद आपल्याकडे मागू नये. बाधा असूनही, उपचार व परस्परांची पूर्ण जाणीव यांच्या आधारे, विवाह होऊ शकतात आणि निरोगी अपत्येही जन्मतात. प्रकार दुसरा असेल तर मात्र दोघांनी डॉक्टरांशी वेगळे बोलावे. कारण वर सांगितल्याप्रमाणे नेहमीच्या व्हायरल लोडच्या निकालावर त्यांना विसंबता येत नाही.

७. आपल्या भागापुरते

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव सुमारे ७५. ओळखीचे कोणी दिसेल या भयाने माणसे पलीकडच्या राज्यात जाऊन रक्त देतात. त्यात काही वावगे नाही. तपासणी दोन्हीकडे विनामूल्य आहे. परंतु अहवाल पिशवीत तसाच राहून उपचार सुरू न होणे हा धोका तेथे अधिक असतो. जेथे सोयीचे तेथे, पण एकाच ए.आर.टी. केंद्रात नाव नोंदवावे आणि कागदपत्रे जपून ठेवावीत. अहवाल इंग्रजीत व बोलणे कन्नडमध्ये, अशी अडचण आपल्या मराठी बांधवांना येते. "मला मराठीत समजावून सांगा" असे म्हणण्याचा संकोच करू नये, कारण न समजता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावरही नाव न सांगता माहिती मिळते.

बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास शिकवितो, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. त्या शिकवणीत आपल्या कार्याची मर्यादा आणि थोरवी दोन्ही आली. निदान वैद्याने करावे, निर्णय त्या व्यक्तीने घ्यावा. मधले अंतर मात्र पुष्कळांना एकट्याने चालवत नाही. अशा वेळी धर्मशिक्षकाने विचारावे, "कोणत्या दिवशी जायचे? मी बरोबर येऊ का?" होकार मिळाला तर बरोबर जावे, बाहेरच्या बाकावर बसून राहावे, आणि परतीच्या वाटेवर निकाल विचारू नये. सांगावेसे वाटले तर तो माणूस आपण होऊन सांगेल.